आजची आयत : सूरह अल-हिज्र 23 आणि 'वारस' हा शब्द

आज थोडं व्याकरण करूया. घाबरू नका, निम्मं तुम्हाला आधीच येतं.

मागच्या आठवड्यात परभणीला घरी गेलो होतो. दादा जाऊन चार महिने झाले. मानवतजवळची साडेतीन एकर काळी जमीन अजून त्यांच्याच नावावर आहे, म्हणून वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडं द्यायचा होता. अब्बांची लिहिण्यावाचण्याची सवय उर्दूची, तेव्हा भरायला मीच बसलो. वारस, दाखल, हजर, बाकी, कायम... आणि एकदम जाणवलं, दोन महिने ऑनलाइन क्लासात जे घोकतोय ते या कागदावर सगळीकडं पसरलंय! हे सगळे शब्द अरबीतले 'इस्म फाइल' आहेत. म्हणजे क्रिया करणाऱ्याचं नाव. मराठीत आपण 'लिहिणारा', 'राहणारा' म्हणतो ना, तेच.

रीत सोपी आहे. अरबी क्रियेचं मूळ बहुतेक वेळा तीन अक्षरांचं असतं. पहिल्या अक्षराला 'आ' लावायचा, दुसऱ्याला 'इ'. क-त-ब म्हणजे लिहिणं, त्याचा कातिब. म-ल-क, त्याचा मालिक. व-र-स, त्याचा वारिस. (शेवटचं अक्षर अरबीत जिभेचं टोक दातांत धरून म्हणतात, आपल्याकडं त्याचा सरळ 'स' झाला.) फारसी आणि उर्दूच्या दफ्तरांतून हे शब्द मराठीत मुरले. परभणी तर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होती. मराठी जिभेनं मधला 'इ' गाळला आणि मालक, वारस, दाखल तयार झाले. हाजिरचा तर 'आ'सुद्धा गेला, राहिला हजर.

मुळात मधलं अक्षर 'व' असेल तर ते टिकत नाही, तिथं हमज़ा येतो. क-व-म म्हणजे उभं राहणं, त्याचा काइम, आपला कायम. आणि ब-क-य चा बाकी, म्हणजे उरणारा. किराणा दुकानदार 'बाकी किती?' विचारतो तेव्हा तोही इस्म फाइलच वापरतो. मोठ्या रूपांमध्ये पुढं 'मु' लागतो आणि शेवटच्या अक्षराआधी 'इ' येतो : मुसाफिर, मुन्सिफ, आणि हो, मुस्लिमसुद्धा. स्वतःला अल्लाहच्या हवाली करणारा. ज्याच्यावर क्रिया होते त्याचं रूप वेगळं असतं, मजकूर, मंजूर, मशहूर या चालीचं. त्यावर पुन्हा कधीतरी.

आता आयत. सूरह अल-हिज्रच्या 23व्या आयतीत अल्लाह तीन गोष्टी सांगतो : जीवन देणं, मृत्यू देणं आणि वारस असणं. पहिल्या दोन्हींसाठी क्रियापदं आहेत. तिसऱ्यासाठी मात्र इस्म फाइलचं अनेकवचन, 'वारिसून'. क्रियापदात घडणं दिसतं, जन्म झाला, मरण आलं, एक झालं, दुसरं झालं. इस्म फाइलमध्ये काळ पुढं येत नाही, ते माणसाच्या नावासारखं जागेवर उभं असतं. लोक येत-जात राहतात, सगळे गेल्यावर ज्याच्याकडं सगळं उरतं तो वारिस. दादांच्या आधी त्या जमिनीत कोण कापूस वेचत होतं, आमच्या घरात कुणालाच माहीत नाही. सातबारावर दादांचं नाव होतं, तेव्हा ते मालक. फातिहा रोज वाचताना 'मालिक' हा शब्द येतो, तोही याच साच्यातला. (वर्शच्या किराअतीत तिथं 'मलिक' वाचतात, बादशाह या अर्थानं. तेही बरोबर आहे, भांडू नका.)

एवढं लिहून मी खूश होतो. मग अर्जातल्या वारसांच्या रकान्याकडं परत आलो.

त्यात तीन नावं सांगितली होती : अब्बा आणि दोन चाचा. फुफीचं, म्हणजे आत्याचं, नाव नव्हतं. मोठे चाचा म्हणाले, "तिचं लग्नात झालं सगळं. हक्कसोडवर सही करून देईल, ती नाही म्हणणार नाही." फुफी तेव्हा स्वयंपाकघरात होती. ऐकलं असणार. ती चहा घेऊन आली आणि मला म्हणाली, "साखर कमी टाकली रे, तुला तशीच लागते ना."

क्लासात त्याच आठवड्यात स्त्रीलिंग शिकवलं होतं. इस्म फाइलच्या शेवटी ता-मरबूता लावायचा, बस. साजिदची साजिदा, आबिदची आबिदा. वारिसची वारिसा. वेगळं मूळ नाही, वेगळा साचा नाही. सूरह अन-निसाची 7वी आयत आईवडिलांच्या मागं राहिलेल्यात पुरुषांचा हिस्सा सांगते आणि लगेच स्त्रियांचाही, थोडं असो की जास्त. 11वी आयत मुलाला मुलीच्या दुप्पट देते. दादी आधीच गेलेली, म्हणजे तीन मुलगे आणि एक मुलगी मिळून सात वाटे. 140 गुंठ्यांचे सात वाटे, फुफीचा एक, वीस गुंठे. बरोबर अर्धा एकर.

अब्बांना रात्री हा हिशेब दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा पाहिला. म्हणाले, "हिशेब बरोबर आहे," आणि दिवा बंद केला.

अर्ज अजून माझ्या बॅगेत आहे, इथं पुण्यात. काल रात्री चौथ्या ओळीत फुफीचं पूर्ण नाव लिहिलं. चाचांना अजून फोन केलेला नाही, रविवारी करणार आहे. दुआ करा.

उद्या आयत 24. त्यात इस्म फाइल दोनदा येतो, पण 'मु'वाला.