साइट दाखवली, पण पार्टी परत आलीच नाही! फॉलोअप कसा कराल?

आजच्या व्हिडिओत आपण घर दाखवून झाल्यानंतरच्या कामावर बोललो. तेच इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा.

लासूर स्टेशनसारख्या गावात घर किंवा रो-हाऊस विकणाऱ्यांची एक तक्रार नेहमीची असते. "सर, पार्टी आली, घर आवडलं म्हणाली, चहा पिऊन गेली. आता फोनच उचलत नाही." मग आपण काय करतो? दोन दिवसांनी फोन लावतो, "मग काय ठरलं?" पुन्हा चार दिवसांनी, "मग काय ठरलं?" तिसऱ्या फोनला आपला नंबर ब्लॉक होतो.

आता पार्टीच्या बाजूने बघा. वाळूजच्या कंपनीत काम करणारा माणूस आयुष्यात एकदाच घर घेतो. त्यात त्याचा पीएफ असतो, गावाकडच्या कापसाचे पैसे असतात, कधी बायकोचे दागिनेही असतात. तो गप्प बसतो, कारण त्याच्या मनात एखादा प्रश्न अडकलेला असतो आणि तो विचारायला संकोच वाटतो. फॉलोअप म्हणजे तो अडकलेला प्रश्न शोधून त्याचं उत्तर घेऊन जाणं. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी आजचा धडा वसूल.

पायरी १ : पार्टी निघायच्या आधी

फॉलोअपची सुरुवात साइटवरच होते. "आवडलं का?" असं विचारलं की सगळे "हो" म्हणतात. त्याऐवजी विचारा, "यात तुम्हाला काय खटकलं?" आणि मग गप्प बसा. बोअरला उन्हाळ्यात पाणी टिकतं का, रेल्वेचा आवाज किती येतो, बँक कर्ज देईल का, असं काहीतरी बाहेर येईल. ते त्यांच्याच शब्दांत वहीत लिहा. घरातला निर्णय कोण घेतं आणि कंपनीत शिफ्ट कोणती, हेही विचारून घ्या. रात्रपाळी करून झोपलेल्या माणसाला सकाळी अकराला फोन केला तर तो चिडणारच.

पायरी २ : त्याच दिवशी संध्याकाळी

एक छोटा व्हॉट्सॲप मेसेज पाठवा. गुलाबाचं फूल आणि "शुभ संध्या" नको. असा लिहा :

"भाऊ, आज वेळ काढून आलात, आभारी आहे. वहिनींनी पाण्याचं विचारलं होतं. शेजारच्या दोन घरी विचारून परवा संध्याकाळी सहानंतर कळवतो."

बघा, पुढच्या फोनचं कारण आणि वेळ दोन्ही ठरलं. आता तुमचा फोन त्रासदायक वाटणार नाही, पार्टी त्याची वाट बघेल.

पायरी ३ : तिसऱ्या दिवशी, उत्तरासकट

दिलेल्या वेळेलाच फोन करा. उत्तर मिळालं नसेल तरी करा आणि तसं सांगा. बहुतेक प्रश्न तीन प्रकारचे असतात.

*कागदपत्रं :* सातबारा, फेरफार, एनए आदेश, बांधकाम परवानगी, ग्रामपंचायतीचा नमुना ८ यांच्या प्रती एका फाइलमध्ये तयार ठेवा. प्रकल्प रेरात नोंदलेला असेल तर नंबर द्या आणि महारेराच्या साइटवर तो कसा तपासायचा ते दाखवा. "तुमच्या वकिलाला दाखवा" हे आपणहून म्हणा. या एका वाक्याने विश्वास बसतो.

*पैसे :* हिशोब कागदावर मांडा. १५ लाखांचं कर्ज, २० वर्षं, ९ टक्के व्याज धरलं तर हप्ता साधारण १३,५०० रुपये. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३०,०००. मुद्रांक शुल्क वेगळं. घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. २० लाखांच्या घरावर ते २०,००० रुपये होतात. नव्या प्रकल्पात नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हेही सांगा.

*घरातली संमती :* आई-वडिलांनी घर पाहिलेलं नसतं. त्यांना घेऊन यायला सांगा. या वेळी दुपारी आला असाल तर पुढच्या वेळी सकाळी दाखवा.

पायरी ४ : आठवड्यानंतर

आता सरळ विचारा, "दादा, हे घर विचारात आहे की दुसरं बघताय? मोकळेपणाने सांगा." नाही म्हणाले तर कारण विचारा, आभार माना आणि थांबा. "थांबा, कापूस विकला की बघू" म्हणाले तर वहीत महिना लिहा आणि तेव्हाच फोन करा. पितृपक्षात टोकनचा आग्रह धरू नका, दसऱ्याच्या आठ दिवस आधी आठवण करा.

या दोन गोष्टी करू नका

पहिली, "उद्या दुसरी पार्टी टोकन देतेय" ही खोटी घाई.

दुसरी जास्त महत्त्वाची. समजा पार्टीने एनए आदेश मागितला आणि तुम्ही शोधलं तर तो निघालाच नाही. त्या महिन्यात तुम्हाला दलालीची फार गरज आहे. तरीही टोकन घेण्याआधी सांगा. सौदा जाईल, हे खरं. पण बँकेने कर्ज नाकारलं आणि इसाराचे पैसे अडकले, तर एका कुटुंबाची कमाई बुडते. आणि लासूर स्टेशनात ही गोष्ट मार्केट यार्डापासून रेल्वे फाटकापर्यंत पोचायला एक दिवसही लागत नाही. खरं सांगितलेली पार्टी मात्र स्वतः घर घेत नसली तरी मेहुण्याला तुमच्याकडे पाठवते.

आजचा गृहपाठ

वहीत पाच रकाने आखा : नाव, काय खटकलं, मी काय कबूल केलं, कोणत्या तारखेला, पूर्ण झालं का. गेल्या महिन्यात घर पाहून गेलेल्या दहा पार्ट्या त्यात भरा. दुसरा रकाना रिकामा राहिला, तर त्या पार्टीला आजच फोन करा. "काय ठरलं?" विचारायचं नाही. विचारायचं, "त्या दिवशी काही खटकलं होतं का?"

करून बघा आणि काय उत्तरं मिळाली ते मला कळवा. पुढच्या भागात भेटू.