टॅलीचे अ‍ॅड-ऑन : बसविण्याची व दोष शोधण्याची रीत

वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीर येथे सोयाबीन, तूर व हरभऱ्याचा व्यापार मोठा आहे. अडत दुकानांतील लाल वहीची जागा बऱ्याच ठिकाणी संगणकाने घेतली. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यावर तर छोट्या दुकानदारालाही टॅलीची ओळख झाली. परंतु मूळ टॅली सर्व धंद्यांसाठी सारखेच असते. पोत्यांची संख्या, हमाली, तोलाई आणि शेतकऱ्याची हिशेबपट्टी आपल्या पद्धतीने छापून हवी असेल तर वेगळे अ‍ॅड-ऑन बसवावे लागते. ते टीडीएल या टॅलीच्याच भाषेत लिहितात. आपल्याला मिळते ती बहुधा टीसीपी फाइल. ती उघडून वाचता येत नाही. म्हणून ती तपासूनच वापरली पाहिजे.

एक उदाहरण घ्या. माल १२ क्विंटल ४० किलो, भाव ४,२०० रुपये. रक्कम ५२,०८० रुपये झाली पाहिजे. अ‍ॅड-ऑनने वरचे किलो सोडून दिले तर पट्टी ५०,४०० ची निघेल. शेतकऱ्याचे १,६८० रुपये गेले! उलट १२ क्विंटल ५ किलो हे वजन १२.०५ ऐवजी १२.५ धरले गेले तर १,८९० रुपये जादा जातील आणि नुकसान दुकानदाराचे होईल. चूक संगणकाची असली तरी पट्टी आपल्या नावाने निघते.

बसविताना

१) हंगामाच्या गर्दीत नवे अ‍ॅड-ऑन बसवू नये. दसरा-दिवाळीची आवक सुरू होण्यापूर्वीच हे काम उरकावे.

२) प्रथम बॅकअप घ्यावा व तो पेनड्राइव्हवर वेगळा ठेवावा.

३) हिशेबाची एक प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये करून अ‍ॅड-ऑन आधी तिथे चालवून पाहावे.

४) चार पट्ट्या मुद्दाम करून पाहाव्यात : पूर्ण क्विंटलची, १० किलोंपेक्षा कमी वरकड वजनाची, दोन भावांच्या मालाची आणि उचल वजा केलेली. चारही कॅल्क्युलेटरवर ताडून पाहाव्यात.

५) जुनी फाइल पुसू नये. नावापुढे तारीख टाकून ठेवावी, म्हणजे अडचण आल्यास परत फिरता येते.

६) दुकानात एकापेक्षा जास्त संगणक असतील तर सर्वांवर एकच फाइल असावी. एकावर जुनी, एकावर नवी असली की दोन पट्ट्यांचे दोन हिशेब निघतात.

दोष शोधताना

टॅलीप्राइममध्ये एफ १ दाबून टीडीएल व अ‍ॅड-ऑनच्या यादीत जावे. कोणती फाइल चालू आहे ते तिथे दिसते. सर्व अ‍ॅड-ऑन बंद करून तीच नोंद पुन्हा करावी. चूक गेली नाही तर दोष मूळ नोंदीत किंवा मांडणीत आहे. चूक गेली तर एकेक अ‍ॅड-ऑन पुन्हा चालू करावे. ज्याच्यानंतर चूक परत येते, तिथे थांबावे. एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले तर चूक कशाने गेली ते कळत नाही. टॅलीची नवी आवृत्ती घेतल्यावरही जुने अ‍ॅड-ऑन पुन्हा तपासून घ्यावे.

प्रोग्रामरला नुसते 'चालत नाही' असे सांगू नये. टॅलीची आवृत्ती, पट्टीचा नंबर, काय यायला हवे होते व काय आले, हे चार मुद्दे कागदावर लिहून द्यावेत. काम ठरवितानाच मूळ टीडीएल मजकूर आपल्याला मिळेल असे लिहून घ्यावे. उद्या तो माणूस गाव सोडून गेला तर दुसरा दुरुस्ती करू शकेल.

सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि लिहिणाऱ्याने न्यायाने लिहिण्याचा आदेश आहे. आज लिहिणारा संगणक असला तरी जबाबदारी मालकाचीच आहे. शेतकऱ्याचा एक रुपयाही आपल्याकडे राहिला तर तो हुकूकुल इबादचा प्रश्न होतो. म्हणून नवे अ‍ॅड-ऑन बसविल्यावर पहिले आठ दिवस रोजच्या पाच पट्ट्या हाताने ताडून पाहाव्यात. अर्ध्या तासाचे काम आहे, आणि त्यावर पेढीची पत टिकते.