पापणिक सुत्त आणि दुकानदाराचा दिनक्रम

अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात पापणिक सुत्त आहे. ‘पापणिक’ म्हणजे दुकानदार. सकाळी, दुपारी आणि सायंकाळी जो आपल्या कामात मनःपूर्वक लक्ष घालतो, तोच धन मिळवू व वाढवू शकतो, असा दृष्टान्त तथागतांनी भिक्खूंना दिला. तो साधनेसाठी असला, तरी गृहस्थालाही त्यातून दिनक्रम घेता येतो.

सकाळी गल्ल्यातील शिल्लक मोजावी आणि त्या दिवसाच्या वसुलीची व देण्यांची यादी करावी. दुपारी गिऱ्हाईक विरळ असते. तेव्हा संपत आलेला माल पाहून खरेदी ठरवावी. सायंकाळी रोजकीर्द पूर्ण करावी. सकाळच्या शिलकेत रोख जमा मिळवून खर्च वजा केला की येणारी रक्कम गल्ल्याशी जुळली पाहिजे. मोबाईलवर आलेले पैसे स्वतंत्र रकान्यात लिहावेत. उधारी दिली त्याच क्षणी नोंदवावी. घरासाठी घेतलेले शंभर रुपयेही ‘उचल’ म्हणून लिहावेत. नाहीतर भांडवल घरात कधी खर्ची पडले, हे कळतही नाही.

लगतच्या सुत्तात आणखी एक मर्म आहे. ज्याला खरेदी, विक्री व नफा यांचे नेमके ज्ञान आहे आणि जो कुटुंब पोसून घेतलेले धन परत करू शकतो, त्याच्यावर धनिक विश्वास ठेवतात. वडिलोपार्जित भांडवल नसलेल्या आपल्या पहिल्या पिढीच्या व्यावसायिकांनी हे ध्यानी घ्यावे. रोज लिहिलेली चोख वही हीच त्यांची पत होय.