जुना रंग खरवडण्यापूर्वी

घराची दुरुस्ती काढली की आम्ही प्रथम दारे-खिडक्यांचा जुना तेलरंग खरवडावयास घेतो. अशा रंगात पुष्कळदा शिसे असते. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशावर दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यापूर्वीचे थर संशयास्पदच मानावेत. रंग कोरडा घासला की त्याची धूळ रांगत्या मुलांच्या बोटांवाटे पोटात जाते आणि बुद्धीची वाढ खुंटविते. म्हणून रंग शाबूत असल्यास त्यावरच नवा हात द्यावा. पापुद्रे सुटले असल्यास पाणी मारून ओलाच खरवडावा. आगीने जाळू नये. मुले व गर्भवती स्त्रिया यांना दूर ठेवावे, रंगाऱ्यासही तोंड-नाक झाकणारा चांगला मास्क द्यावा. खरवड पिशवीत बांधावी. जमीन झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. काम दोन दिवस लांबले तरी चालेल. मुलांची प्रकृती मात्र सांभाळली पाहिजे.