तंबाखूची ऑनलाइन विक्री आणि राज्याचे नियमन

सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतील विषय असला, तरी तंबाखू उद्योगावरील नियंत्रण संसदेने जनहितार्थ केंद्राकडे घेतले आहे. त्यानुसार संमत झालेल्या २००३ च्या सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादने कायद्याच्या (कोटपा) कलम ५ अन्वये जाहिरातीस मनाई आहे. कलम ६ अन्वये १८ वर्षांखालील व्यक्तीस, तसेच शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत विक्रीस बंदी आहे.

कर्नाटकाची सुधारणा

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार देशात २८.६ टक्के, तर कर्नाटकात २२.८ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत होते. कर्नाटक विधिमंडळाने २०२४ मध्ये या कायद्यात राज्यापुरती सुधारणा केली. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर ती मे २०२५ मध्ये अधिसूचित झाली. तिने खरेदीचे किमान वय २१ केले आणि सुट्या सिगारेटची विक्री व हुक्का बार यांवर बंदी घातली. महाराष्ट्राने हुक्का बारवर २०१८ मध्ये आणि सुट्या सिगारेट-विडीवर २०२० मध्ये बंदी आणली होती.

अंतराचा निकष अपुरा

बंगळूरुच्या पूर्वेकडील महादेवपुरा भागाचे उदाहरण घेऊ. व्हाइटफील्डच्या माहिती तंत्रज्ञान वसाहतींमुळे येथे तरुण नोकरदारांची मोठी वस्ती आहे. येथील पानटपरीचे शाळेपासूनचे अंतर मोजता येते. टपरीवाल्यास ग्राहकाकडे वयाचा पुरावा मागता येतो. मोबाइलवरून मागणी नोंदविल्यास माल गोदामातून थेट दारी येतो. मग अंतर कोठून मोजावे? ग्राहकाने वय स्वतःच घोषित केले, तर ते कोणी पडताळावे? अर्थशास्त्रात यास माहितीची विषमता म्हणतात.

नियमनाचे पर्याय

पहिला पर्याय संपूर्ण बंदीचा. ई-सिगारेटबाबत २०१९ च्या केंद्रीय कायद्याने तोच स्वीकारला. ऑनलाइन विक्री व जाहिरातही त्यात आली. मात्र मागणी टिकून राहिल्यास बंदीमुळे चोरट्या व्यापारास वाव मिळतो. दुसरा पर्याय उत्तरदायित्वाचा. ऑनलाइन व्यवहारात मागणी, देयक व पत्ता यांची नोंद राहते. त्यामुळे विखुरलेल्या टपऱ्यांपेक्षा मोजक्या मंचांवर देखरेख ठेवणे कमी खर्चाचे ठरू शकते. विक्रेत्यास परवाना, दारात वयाची पडताळणी आणि शैक्षणिक पत्त्यांवर वितरणास मनाई, हे त्याचे घटक होत.

येथे दोन अडचणी संभवतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९ मध्यस्थ मंचांना अटींवर संरक्षण देते. शिवाय बालन्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ मधील सात वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद १८ वर्षांखालील बालकांपुरतीच आहे. १८ ते २१ वयोगट तिच्या कक्षेबाहेर राहतो.

सारांश, वयोमर्यादा वाढविणे ही नियमनाची केवळ पहिली पायरी होय. विक्रीचे स्थळ दुकानातून दारापर्यंत सरकले असताना पडताळणीची जबाबदारीही तेथवर नेल्याशिवाय कायद्याचा हेतू सफल होणार नाही.