संगणकाची लेखणी आणि आकृतीची बाह्यरेषा

संगणकाच्या पडद्यावर आपण बटणे, चौकटी, आलेख आणि नकाशे पाहतो. त्या प्रत्येकाला कडा असते. ही कडा आपोआप उमटत नाही. ती काढण्याची आज्ञा कोणीतरी दिलेली असते. आणि त्या आज्ञेबरोबरच रेषा किती जाड, कोणत्या रंगाची व कोणत्या प्रकारची असावी, हेही सांगितलेले असते. रेषेविषयीची ही सारी माहिती एकत्र बांधून ठेवणाऱ्या वस्तूला आज्ञावलीकार 'पेन ऑब्जेक्ट' असे म्हणतात. प्रस्तुत लेखात आम्ही तिला सरळ 'लेखणी' म्हणणार आहोत.

हा विषय केवळ गणित-विज्ञानात पुढे असणाऱ्यांचा, आणि तोही इंग्रजी माध्यमातून शिकणाऱ्यांनाच झेपणारा, असा एक समज आपल्या विद्यार्थ्यांत रूढ झालेला दिसतो. आम्ही स्वतः कलाशाखेचे पदवीधर. घरी कोकणी बोलतो आणि शाळेत मराठीतून शिकवितो. तेव्हा तो समज कितपत खरा आहे, हे लेख वाचून झाल्यावर विद्यार्थिमित्रांनी स्वतःच ठरवावे.

लेखणी या नावाचा अर्थ

पडद्यावर शाई नसते, मग लेखणी कोठून आली, अशी शंका कोणासही येईल. पूर्वी कित्येक वर्षे संगणक कागदावर खऱ्याखुऱ्या लेखणीने आकृत्या काढीत असत. अशा यंत्राला 'प्लॉटर' म्हणतात. १९५९ साली 'कॅलकॉम्प ५६५' नावाचा प्लॉटर बाजारात आला. त्यात कागद एका पिंपावर पुढे-मागे सरके आणि लेखणी त्यावर डावी-उजवीकडे धावे. अशाच प्लॉटरसाठी १९६२ साली आय.बी.एम. कंपनीतील जॅक ब्रेझेनहॅम यांनी तिरकी रेषा लहान लहान पावलांनी कशी काढावी याची युक्ती शोधून काढली. ती १९६५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात केवळ पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी पुरते. अपूर्णांकांचा भागाकार लागत नाही. पडद्यावरील ठिपक्यांची रेषा काढतानाही तीच युक्ती उपयोगी पडली.

ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या प्लॉटरांची स्वतंत्र आज्ञाभाषा होती. तीत 'अमुक क्रमांकाची लेखणी घे', 'लेखणी खाली टेकव', 'लेखणी वर उचल' अशा आज्ञा असत. आणि शून्य क्रमांकाची लेखणी मागितली, म्हणजे हातातील लेखणी परत तिच्या जागी ठेवली जाई. हा क्रम वाचकांनी ध्यानी ठेवावा. लेखणी घेणे, तिने रेखाटणे आणि ती परत ठेवणे या तीन क्रिया पडद्यावरील लेखणीलाही जशाच्या तशा लागू पडतात.

घडविणे, हाती घेणे, परत करणे

उदाहरणासाठी आपण 'विंडोज' ही प्रणाली घेऊ. तिची पहिली आवृत्ती १९८५ च्या नोव्हेंबरात निघाली. तीतील रेखाटनाच्या विभागाला 'जी.डी.आय.' म्हणतात. चित्र काढावयाच्या पृष्ठभागाला तेथे 'डिव्हाइस कॉन्टेक्स्ट' असे नाव आहे. आपण त्याला 'फलक' म्हणू. फलकापाशी एका वेळी एकच लेखणी हजर असते. आपण काहीच सांगितले नाही, तर ती काळी, अखंड आणि एक ठिपका जाडीची असते.

निराळी लेखणी हवी असल्यास प्रथम 'क्रिएट-पेन' या आज्ञेने ती घडवावी लागते. त्या वेळी तीन गोष्टी सांगावयाच्या असतात: रेषेचा प्रकार, जाडी आणि रंग. रंग हा तांबडा, हिरवा व निळा या तीन घटकांच्या ० ते २५५ या प्रमाणांनी ठरतो. लेखणी घडली म्हणजे ती हाती आली असे मात्र नव्हे. 'सिलेक्ट-ऑब्जेक्ट' या आज्ञेने ती फलकाच्या हाती द्यावी लागते. येथे एक सुंदर व्यवस्था आहे. नवी लेखणी देताच तीच आज्ञा जुनी लेखणी आपल्या स्वाधीन करते. ती जपून ठेवावी, काम होताच फलकाला परत द्यावी, आणि मगच आपण घडविलेली लेखणी 'डिलीट-ऑब्जेक्ट' या आज्ञेने मोडीत काढावी. फलकाच्या हाती असलेली लेखणी मोडू नये, हा नियम आहे.

एवढा सोपस्कार कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर हिशेबात आहे. विंडोज एका आज्ञावलीला लेखण्या, कुंचले इत्यादी मिळून सामान्यतः १०,००० वस्तूंपर्यंतच मुभा देते. खिडकीचा आकार बदलला, की तिच्यातील चित्र नव्याने काढावे लागते. समजा, प्रत्येक वेळी आपण ५ लेखण्या घडविल्या आणि एकही मोडीत काढली नाही. तर २,००० वेळा चित्र काढल्यावर मर्यादा संपते. खिडकीची कड ओढून तिचा आकार बदलताना सेकंदाला २० वेळा चित्र काढले जात असेल, तर हे व्हावयास १०० सेकंद पुरतात. त्यानंतर नवी लेखणी मिळतच नाही. रेषा भलत्याच रंगाच्या उमटतात अथवा उमटतच नाहीत. यातील कपटी भाग असा की, पहिल्या मिनिटात सारे काही सुरळीत दिसते. म्हणून 'आज्ञावली चालली' एवढ्यावर समाधान मानू नये. जे मागून घेतले ते सारे परत केले काय, हे पाहावे.

तुटक रेषा आणि तिचा अर्थ

लेखणीचे प्रकार अनेक आहेत: अखंड, तुटक, ठिपक्यांची, एक रेघ एक ठिपका अशी, एक रेघ दोन ठिपके अशी, शिवाय काहीच न उमटविणारी रिकामी लेखणीही आहे. आकृतीला रंग हवा पण कडा नको, अशा वेळी ही रिकामी लेखणी कामी येते.

हे प्रकार केवळ शोभेसाठी नाहीत, हे आपल्याच प्रदेशातील उदाहरणाने सांगतो. समजा, मांडवी नदीचा नकाशा संगणकावर काढावयाचा आहे. नदीचे काठ निळ्या अखंड रेषेने, पूल काळ्या अखंड रेषेने आणि फेरीबोटीचा मार्ग काळ्या तुटक रेषेने दाखवावा, असे आपण ठरविले. तुटक रेषा नीट दिसावी म्हणून विद्यार्थ्याने लेखणीची जाडी ३ ठेवली. आता 'क्रिएट-पेन'चा एक नियम असा आहे की, जाडी १ पेक्षा अधिक असल्यास तुटक प्रकार मानला जात नाही. रेषा अखंडच उमटते. कोठेही चुकीची सूचना येत नाही, यंत्र कुरकुर करीत नाही. पण नकाशात जेथे फेरीबोट आहे तेथे पूल दिसू लागतो! १९७० साली मांडवीवर बांधलेला पूल १९८६ साली कोसळला, तेव्हा लोकांना पुन्हा फेरीबोटीचा आधार घ्यावा लागला. पूल आहे की फेरीबोट, हा भेद नदीकाठच्या माणसाला किती मोलाचा असतो, हे ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना सांगावयास नको. रेषा खोटी निघाली, तर नकाशाच खोटा ठरतो.

यावर उपाय आहे. त्याच विभागात 'एक्स्ट-क्रिएट-पेन' नावाची दुसरी आज्ञा आहे. तिच्या साहाय्याने जाड तुटक लेखणी घडविता येते. तसेच २००१ साली विंडोज एक्स.पी.बरोबर आलेल्या 'जी.डी.आय. प्लस' या नव्या विभागात लेखणी जाड केली, की तुटक रेषेतील रेघा आणि मोकळ्या जागाही त्याच प्रमाणात लांबतात.

जाडी कोणत्या बाजूस जाते?

भूमितीतील रेषेला जाडी नसते. लेखणीच्या रेषेला असते. मग चौकोनाची कडा १० ठिपके जाडीची काढली, तर ती जाडी आत जाते की बाहेर? उत्तर असे की, ती दोहोंकडे वाटली जाते. गणिती रेषा जाड रेषेच्या मधोमध राहते. २०० ठिपके रुंदीचा चौकोन घेतला, तर ५ ठिपके प्रत्येक बाजूस बाहेर जातात आणि आकृतीची एकंदर रुंदी २१० होते. आत मोकळी जागा १९० उरते. चौकोन खिडकीच्या अगदी कडेला टेकून काढला असेल, तर बाहेरचे ५ ठिपके कापले जाऊन कडा निम्मीच दिसते. हे टाळण्यासाठी चौकोन निम्म्या जाडीइतका आत घ्यावा, अथवा सारी जाडी आतल्या बाजूस ठेवणारी लेखणी निवडावी. तशी सोय दोन्ही विभागांत आहे.

दुसरी एक गोष्ट कुंपणाच्या खांबांसारखी आहे. १०० हात लांबीच्या कुंपणाला हाताहाताच्या अंतरावर खांब रोवले, तर खांब १०१ लागतात. जी.डी.आय. प्लसमध्ये १०व्या ठिपक्यापासून १०० रुंदीचा चौकोन एक ठिपका जाडीच्या लेखणीने काढला, तर त्याची उजवी कडा ११०व्या ठिपक्यावर पडते. म्हणजे एकूण १०१ ठिपके व्यापले जातात. तोच चौकोन कुंचल्याने नुसता भरला, तर १० पासून १०९ पर्यंत १०० ठिपकेच रंगतात. याउलट जुन्या जी.डी.आय.मध्ये रेषा तिच्या शेवटच्या बिंदूच्या अलीकडेच थांबते. तो बिंदू ती रंगवीत नाही. पुढील रेषा तेथूनच सुरू व्हावयाची असल्याने तोच ठिपका दोनदा रंगू नये, हा याचा लाभ.

कोपरे

दोन जाड रेषा जेथे मिळतात तेथे कोपरा कसा असावा, हेही लेखणीलाच सांगावे लागते. कोपरा टोकदार, गोल किंवा छाटलेला असू शकतो. टोकदार कोपऱ्याचे गणित दहावीच्या विद्यार्थ्याला सहज करता येईल. आतल्या कोपऱ्यापासून बाहेरच्या टोकापर्यंतचे अंतर म्हणजे लेखणीची जाडी भागिले कोनाच्या निम्म्याची ज्या. कोन ९० अंशांचा असेल तर हे अंतर जाडीच्या सुमारे १.४ पट, ६० अंशांचा असेल तर बरोबर २ पट, ३० अंशांचा असेल तर सुमारे ३.९ पट, आणि १० अंशांचा असेल तर सुमारे ११.५ पट होते. म्हणजे कोन जितका लहान, तितके टोक भाल्यासारखे पुढे घुसते. म्हणून जी.डी.आय. प्लसमध्ये १० पटींची मर्यादा आधीच घालून दिलेली आहे. तीपलीकडे गेलेले टोक छाटले जाते. निमुळत्या पताकेचे चित्र काढताना तिचे टोक अचानक बोथट दिसले, तर त्याचे कारण बहुधा हेच असते.

आधी रंग, मग रेषा

दारात रांगोळी घालताना आधी बाह्यरेषा आखतात आणि मग तीत रंग भरतात. पडद्यावर मात्र क्रम उलटा ठेवणे हिताचे असते. कारण वर पाहिलेच आहे: रेषेची निम्मी जाडी आकृतीच्या आत असते. आधी रेषा काढून नंतर कुंचल्याने आत रंग भरला, तर तो रंग रेषेचा आतला निम्मा भाग झाकून टाकतो. रांगोळी घालणारा हात रेषेपाशी आल्यावर थांबतो. यंत्राचा कुंचला गणिती सीमेपर्यंत जातोच. म्हणून आधी भरावे, नंतर रेखाटावे.

उपसंहार

येथवर जे विवेचन केले त्यात शाळेबाहेरचे गणित कोठेही आलेले नाही. निम्मे करणे, एक मिळविणे, कोनाची ज्या पाहणे आणि घेतलेली वस्तू परत करणे, एवढेच लागले. आज्ञांची नावे परकी आहेत खरी. पण ती पाठ करावयास पाढ्यांपेक्षा सोपी आहेत. कठीण आहे ते रेषेचा अर्थ राखणे, आणि ते कोणत्याही एका भाषेच्या मक्त्याचे नाही. शाळेच्या संगणकावर पायथन असेल, तर त्यातील 'टर्टल' हे साधन घ्यावे. १९६७ साली निर्माण झालेल्या लोगो भाषेच्या परंपरेतील ते कासव लेखणी टेकविते, उचलते, रंग व जाडी बदलते. तेथून आरंभ केल्यास वरील बहुतेक गोष्टी स्वतः पडताळून पाहता येतील.

स्वाध्याय

१. बाहेरून बाहेर ३०० गुणिले १८० मापाची चौकट १२ जाडीच्या लेखणीने काढावयाची आहे. गणिती चौकोनाचे माप किती घ्यावे?

२. दर चित्रास ४ लेखण्या घडविल्या आणि एकही मोडीत काढली नाही, तर १०,००० ची मर्यादा किती चित्रांनंतर संपेल?

३. ६० अंशांच्या कोपऱ्यात ८ जाडीच्या लेखणीचे टोक आतल्या कोपऱ्यापासून किती अंतरावर जाईल?

उत्तरे: (१) २८८ गुणिले १६८, (२) २,५००, (३) १६ ठिपके.