पुरुषांचे मूत्रविकार आणि उपशयाची मर्यादा

निदानपंचकात उपशयाला मानाचे स्थान आहे. ज्या व्याधीची लक्षणे गूढ असतात, तिची परीक्षा उपशय-अनुपशयाने करावी, असे चरकाचार्यांनी विमानस्थानात सांगितले आहे. औषध दिले, रुग्णास बरे वाटले, म्हणजे कल्पिलेले निदान योग्य ठरले, हा आपल्या दैनंदिन चिकित्साव्यवहाराचा एक पाया आहे. पुष्कळ व्याधींत तो उपयुक्तही ठरतो. परंतु पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाच्या मूत्रविकारात हीच परीक्षा चिकित्सकास फसवू शकते आणि त्या फसगतीत रुग्णाचे बहुमोल महिने निघून जातात. ही मर्यादा चिकित्सालयीन संशोधनाच्या आधारे वैद्यबंधू-भगिनींपुढे व औषधी-विक्रेत्यांपुढे मांडण्याचा प्रयत्न आम्ही प्रस्तुत लेखात करीत आहोत.

वाताष्ठीला आणि पौरुषग्रंथी

मूत्राघाताचे सुश्रुत उत्तरतंत्राच्या ५८ व्या अध्यायात १२ आणि चरक सिद्धिस्थानाच्या ९ व्या अध्यायात १३ प्रकार वर्णिले आहेत. त्यांपैकी वाताष्ठीलेत, गुद व बस्ती यांच्या मध्यभागी आश्रय घेतलेला वायू अष्ठीलेसारखा घन, अचल व उन्नत ग्रंथी उत्पन्न करतो आणि मल, मूत्र व वायू यांचा अवरोध होतो. स्थान व लक्षणे पाहता पौरुषग्रंथीच्या, अर्थात प्रोस्टेटच्या वृद्धीशी तिची तुलना केली जाते. ही तुलना उचित असली, तरी दोहोंस एकच मानणे योग्य नाही. गुदपरीक्षेत सौम्य वृद्धीची ग्रंथी बहुधा गुळगुळीत व रबरासारखी लवचिक लागते. कठीण, गाठाळ अथवा एकाच बाजूस उंचावलेली ग्रंथी कर्करोगाची शंका उत्पन्न करते. तेव्हा संहितेतील ‘घन’ आणि ‘अचल’ ही विशेषणे आजच्या चिकित्सकाने धोक्याची सूचना म्हणूनही वाचावीत.

दुसरी गोष्ट स्थानाची. सौम्य वृद्धी मूत्रमार्गालगतच्या भागात होते, म्हणून तिची लक्षणे लवकर जाणवतात. कर्करोग मात्र बहुधा ग्रंथीच्या बाह्य भागात सुरू होतो व आरंभी मूत्रप्रवृत्तीस बाधा आणीत नाही. एकाच रुग्णात दोन्ही असू शकतात. अशा वेळी गोक्षुरादि गुग्गुळ वा चंद्रप्रभा वटीने मूत्रप्रवृत्ती सुधारली, तर त्यावरून सौम्य वृद्धीचा उपशय झाला एवढेच कळते. कर्करोग नाही, हे सिद्ध होत नाही.

लक्षणे आपोआपही कमी होतात

सौम्य वृद्धीची लक्षणे स्वभावतःच कमी-अधिक होत असतात. सॉ पामेटो या अमेरिकन वनस्पतीचा इतिहास या दृष्टीने अभ्यसनीय आहे. लहान चाचण्यांतील अनुकूल निष्कर्षांमुळे ती पाश्चात्त्य देशांत फार लोकप्रिय झाली होती. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २२५ पुरुषांना वर्षभर हा अर्क किंवा निरौषधी गोळी देण्यात आली. दोन्ही गटांत फरक आढळला नाही. मात्रा अपुरी असेल, या शंकेमुळे पुढे ३६९ पुरुषांत नेहमीच्या तिप्पट मात्रेपर्यंत अर्क देऊन पाहिला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षात लक्षणगुण अर्काच्या गटात सरासरी २.२० ने, तर निरौषधी गटात २.९९ ने कमी झाले.

या आकड्यांचा अर्थ आपण नीट ध्यानात घ्यावा. औषध नसलेल्या गोळीनेही लक्षणगुण जवळजवळ ३ ने उतरतात. वरुण, गोक्षुर, पुनर्नवा ही द्रव्ये निरुपयोगी आहेत, असा निष्कर्ष यातून निघत नाही. ती द्रव्ये त्या चाचण्यांत नव्हतीच. परंतु आपल्या द्रव्यांचा गुण सिद्ध करावयाचा असेल, तर ‘रुग्णास बरे वाटले’ एवढी नोंद पुरेशी नाही, हे मात्र निश्चित.

थांबलेले रक्त

उपशयाची सर्वांत घातक फसगत रक्तमूत्रतेत होते. बस्तीच्या कर्करोगाचे प्रमुख लक्षण म्हणजे वेदनारहित रक्तमूत्रता. हे रक्त पुष्कळदा एक-दोन दिवस जाते व औषधाविना थांबते. पुढे काही आठवडे किंवा महिने मूत्र स्वच्छ असते. अशा रुग्णास अश्मरी किंवा अधोग रक्तपित्त समजून उशीरासव, चंदनासव अथवा तृणपंचमूल क्वाथ दिला, तर त्याचे श्रेय औषधास मिळते आणि रोग वाढतच राहतो. तंबाखूचे धूम्रपान हे या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण आहे; म्हणून बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या बाबतीत अधिक दक्षता हवी. डोळ्यांना दिसणारे रक्त एकदाच गेले व थांबले, तरी सोनोग्राफी व दुर्बिणीने बस्तीची तपासणी करवून घ्यावी. थांबलेले रक्त हा येथे उपशय मानू नये.

कुपीत काय आहे?

पीसी-स्पेस नावाचे ८ वनौषधींचे मिश्रण १९९० च्या दशकात अमेरिकेत प्रोस्टेट कर्करोगाचे रुग्ण घेत असत. त्याने रक्तातील पीएसए खरोखर उतरत असे. २००२ साली ते बाजारातून मागे घेण्यात आले. कारण त्याच्या नमुन्यांत वॉरफेरिन, इंडोमेथॅसिन आणि डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम स्त्री-संप्रेरक सापडले. ज्या गुणाचे श्रेय वनस्पतींना मिळत होते, त्यात भेसळीचा वाटा किती, हे सांगणे अशक्य झाले.

दुसरे उदाहरण द्रव्य-परिचयाचे. बेल्जियममध्ये १९९० च्या सुमारास कृशतेसाठी दिल्या जाणाऱ्या औषधात एका चिनी वनस्पतीऐवजी ॲरिस्टोलोकिया कुलातील दुसरी वनस्पती गेली. घेणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. अनेकांची मूत्रपिंडे निकामी झाली. पुढे ३९ रुग्णांची मूत्रपिंडे व गविन्या काढून तपासल्या असता १८ जणांत कर्करोग आढळला. आपल्याकडील ईश्वरी, जिला मराठीत सापसण म्हणतात, आणि किडामारी या त्याच कुलातील आहेत व त्यांतही ॲरिस्टोलोकिक आम्ल असते. परंपरेत नाव आहे म्हणून अशी द्रव्ये अंतर्गत वापरणे आज समर्थनीय नाही. औषधनिर्मात्यांनी कच्च्या मालाची ओळख व्यापाऱ्याच्या नावनिशीवर न सोडता तपासून घ्यावी. ‘पुरुषशक्ती’च्या कुप्यांत सिल्डेनाफिलची भेसळही अनेकदा उघडकीस आली आहे, हृद्रोगासाठी नायट्रेट घेणाऱ्या रुग्णात ती रक्तदाब एकाएकी उतरवून प्राणघातक ठरू शकते.

चिकित्साकर्मातील दक्षता

मूत्राची धार क्षीण असलेल्या प्रत्येक वृद्ध रुग्णाची आपण गुदपरीक्षा, मूत्रपरीक्षा आणि मूत्रविसर्जनानंतर बस्तीत उरणाऱ्या मूत्राची सोनोग्राफीने मोजणी करवून घ्यावी. पीएसए तपासणीचा निर्णय वय, कुलवृत्त व रुग्णाची इच्छा पाहून घ्यावा. संसर्गानेही पीएसए वाढते, हे रुग्णास सांगावे. फिनास्टेराइड वा ड्यूटास्टेराइड घेणाऱ्या रुग्णात सहा महिने ते वर्षभरात पीएसए सुमारे निम्म्यावर येते. ही औषधे चालू आहेत का, हे विचारल्याविना उतरलेल्या आकड्याचे श्रेय आपल्या योगास देऊ नये. उलट ही औषधे नियमित घेत असताना तो आकडा वाढू लागला, तर तो लहान असला तरी शंका घ्यावी.

मूत्र पूर्ण अडले असता मूत्रल द्रव्ये देऊ नयेत. मार्ग बंद असताना बस्ती भरत जाईल एवढेच होईल. तेथे प्रथम मूत्रनलिका घालणे हाच उपाय आहे. तमकश्वासासाठी दिलेल्या कनकासवातील धत्तूर वृद्धात मूत्रावरोध घडवू शकतो. सर्दीवरील प्रचलित गोळ्याही तसेच करतात. अचानक मूत्र अडलेल्या रुग्णास याविषयी अवश्य विचारावे. तरुणात वृषणाची वेदनारहित कठीण गाठ आढळल्यास ती वृद्धिरोग समजून लेप देण्यात वेळ घालवू नये. हा कर्करोग वेळेवर कळल्यास बहुतांशी पूर्ण बरा होतो.

औषधालयाच्या गल्ल्यावर चंद्रप्रभा मागणाऱ्या प्रौढ पुरुषास विक्रेत्याने तीन प्रश्न विचारावेत : मूत्रातून कधी रक्त गेले का? तपासणी केव्हा झाली? पाठीच्या कण्यात सतत दुखते का, किंवा वजन उतरले आहे का? पहिल्या वा तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, किंवा तपासणी कधीच झाली नसेल, तर त्यास आधी चिकित्सकाकडे पाठवावे.

तपासणीत कर्करोग वगळला गेला व वृद्धी सौम्य ठरली, तर आपल्या चिकित्सेला मोठे क्षेत्र आहे. तेथे सात प्रश्नांचा, ० ते ३५ गुणांचा आंतरराष्ट्रीय लक्षणतक्ता आरंभी व दर तीन महिन्यांनी भरून घ्यावा, उरलेल्या मूत्राचे माप लिहावे आणि मागील माप शेजारी ठेवून चिकित्सा पुढे न्यावी. अशा नोंदी जमल्या, तर वरुणादि योगांच्या गुणावर आपण अधिकाराने बोलू शकू, असे आमचे नम्र मत आहे.